डेलोरियनचं कालयंत्र पुन्हा उभं करताना: जुनी प्रतिकृती घेण्यापासून प्रदर्शनात मांडण्यापर्यंत

गॅरेजचं दार वर गेलं आणि गाडी दिसायच्या आधी वास आला. पेट्रोल वर्षानुवर्षं टाकीत पडून राहिलं की त्याला लाकडाच्या पॉलिशसारखा एक आंबूस वास येतो, तो. मग गाडी दिसली. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर बोटांचे डाग, डाव्या दारावर पोचा, पाठीवरचा रिअ‍ॅक्टर एका बाजूला कललेला, आणि डॅशबोर्डखालून लोंबणारा वायरींचा गुंता. ‘बॅक टू द फ्युचर’मधल्या कालयंत्राची ही प्रतिकृती कुणीतरी मोठ्या हौसेनं बांधली होती, आणि नंतर ती आठ वर्षं जागची हलली नव्हती.

मी ती घेतली. पुढची तीन वर्षं माझे बहुतेक शनिवार-रविवार तिच्याखाली पाठीवर पडून गेले. आता अमेरिकेत राहणारी आपली मंडळी मला विचारतात की असं काही करायचं तर सुरुवात कुठून करायची. हा लेख त्यांच्यासाठी. एकच गोष्ट सुरुवातीला सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: ही आधी गाडी आहे, मग कालयंत्र. मी दिवे आधी लावले, इंजिन नंतर काढलं, आणि त्यामुळे एक अख्खा उन्हाळा वाया गेला. तुमचा जाऊ नये.

आधी मूळ गाडी ओळखा

कालयंत्राखालची मूळ गाडी म्हणजे डेलोरियन कंपनीची डीएमसी-१२. ती उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळच्या डनमरीच्या कारखान्यात १९८१ ते १९८२ अखेरपर्यंत बनली. एकूण साधारण ९,००० गाड्या. आराखडा इटालियन डिझायनर जॉर्जेतो जुजारोंचा, चॅसीचं (म्हणजे खालच्या चौकटीचं) काम ब्रिटिश कंपनी लोटसचं, इंजिन प्यूजो-रेनॉ-व्होल्वो यांनी मिळून बनवलेलं २.८५ लिटरचं व्ही-सिक्स, आणि तेही गाडीच्या मागच्या टोकाला. कंपनीचे संस्थापक जॉन डेलोरियन मूळचे डेट्रॉइटचेच. जनरल मोटर्समध्ये पाँटियाक विभागाचे प्रमुख होते. त्यामुळे इथे मिशिगनमध्ये या गाडीकडे लोक थोडं घरचं म्हणूनही बघतात.

एवढ्या कमी गाड्या बनल्या तरी सुटे भाग मिळतात, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. कारखाना बंद पडल्यावर उरलेल्या भागांचा मोठा साठा पुढे टेक्सासमधल्या हंबल गावी गेला, आणि आजही तिथून नवे-जुने भाग घरपोच येतात. म्हणजे भाग मिळेल की नाही ही भीती सोडा. खरी भीती गंजाची ठेवा.

खालून बघा, वरून नाही

स्टेनलेस स्टील गंजत नाही, म्हणून ही गाडी गंजत नाही, असा समज सर्रास आढळतो. तो पूर्ण चुकीचा आहे. वरचा पत्रा स्टेनलेसचा, त्याच्या आत फायबरग्लासचं कवच, आणि या दोघांना पेलणारी चौकट मात्र साध्या लोखंडाची. चौकटीवर इपॉक्सीचा थर दिलेला असतो. या थराला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि थराखाली गंज पसरत राहतो. बाहेरून सगळं गुळगुळीत दिसतं, आत पापडी झालेली असते.

म्हणून गाडी बघायला जाताना टॉर्च, छोटी हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. मालक नको म्हणाला तर तिथून परत या. चौकटीवर हलक्या हातानं ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा टणत्कार येतो, पापडी झालेल्या जागी आवाज बसका येतो. तीन जागा न चुकता बघा. पहिली, अगदी पुढची आडवी नळी, कारण तिथे पाणी साठतं. दुसरी, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखालची, कारण ब्रेक ऑइल ठिबकलं की इपॉक्सी खाऊन टाकतं. तिसरी, बॅटरीखालची. या गाडीत बॅटरी शेजारच्या सीटच्या मागे असते आणि तिचं आम्ल खाली उतरतं.

मागच्या चाकांच्या ट्रेलिंग आर्मचे, म्हणजे चाक चौकटीला जोडणाऱ्या दांड्यांचे, लांब बोल्टही काढून बघा. एकेका बाजूला एकच बोल्ट, आणि त्याच्यावर मागचं चाक सरळ राहतं. काचेवर ठेवून लाटण्यासारखा फिरवा. जरा जरी हेलकावा खाल्ला, तर जुने फेका आणि नवे मजबूत बोल्ट घाला. हे काम पुढे ढकलायचं नाही. तुटला तर गाडी रस्त्यावरच गिरकी घेते.

इंजिन: पेट्रोल आणि पाणी

जुनं पेट्रोल असलेली गाडी किल्ली फिरवून सुरू करून बघायचा मोह फार होतो. करू नका. या इंजिनात बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणा आहे, म्हणजे पेट्रोलचं मोजमाप कॉम्प्युटर करत नाही, धातूच्या सूक्ष्म खाचा करतात. टाकीतला चिकट गाळ एकदा त्या खाचांत गेला की फ्युएल डिस्ट्रिब्युटर उघडून साफ करावा लागतो आणि ते काम घरी होत नाही.

क्रम असा ठेवा. टाकी पुढच्या बाजूला आहे. ती पूर्ण रिकामी करा, आतून पुसून घ्या. टाकीतला पंप, त्याची रबरी नळी आणि तळाची जाळी बदला. फिल्टर बदला. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, दिसायला चांगल्या असल्या तरी. चाळीस वर्षांचं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे टिकत नाही, आणि मागच्या इंजिनाच्या गरम भागावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. मग डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी नळी सोडून पंप चालवा आणि येणारं पेट्रोल काचेच्या बरणीत धरा. बरणीत स्वच्छ पेट्रोल दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. सगळं जोडल्यावर गेज लावून दाब बघा. साधारण ५ बारच्या आसपास हवा.

पाण्याचं प्रकरण त्याहून चिवट आहे. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, आणि मधे गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांबच लांब नळ्या. कूलंट बदललं की कुठेतरी हवा अडकतेच. अडकलेल्या हवेमुळे काटा थंड दाखवतो आणि इंजिन आत शिजत असतं. थर्मोस्टॅटजवळच्या स्क्रूमधून हवा काढत राहा, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत. मी पहिल्या वेळी चार वेळा काढली आणि पाचव्यांदा परत बुडबुडे आले. जुनी प्लॅस्टिकची कूलंट टाकी चिरते, तिच्या जागी स्टेनलेसची बसवा.

इंजिन पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं आहे. दोन बाजूंच्या सिलिंडरांच्या मधे, इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, एक दरी असते. तिथे पाणी आणि पालापाचोळा साठून धातू खाल्ला जातो. इनटेक काढलाच आहे तर ती दरी स्वच्छ करा आणि कुठे खड्डा पडलाय का ते बोटानं चाचपा.

रेडिएटरचे दोन पंखे, त्यांची वायरिंग आणि रिले नवी घाला. कारण साधं आहे: प्रदर्शनाची गाडी वेगात चालत नाही, ती रांगेत रखडते. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची फेरी असते, तेव्हा हजारो गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. तिथे पंखा बंद पडला तर दहा मिनिटांत खेळ आटोपतो.

स्टीलवर हात चालवताना

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रंगवलेल्या गाडीचा पोचा पुट्टी भरून, वर रंग मारून लपवता येतो. इथे रंगच नाही. पोचा निघेल तो फक्त धातू सरकवून, आतून आणि बाहेरून हलक्या टिचक्या मारून. हे काम करणारे कारागीर कमी आहेत. जो आधी या गाडीवर काम केलेला पत्रा दाखवू शकेल, त्यालाच द्या. माझ्या दाराचा पोचा एका कारागिरानं दोन दिवस खपून काढला. त्यानं हातोडी कमी वापरली, तळहात जास्त. दर थोड्या वेळानं तो डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि बोटाला लागलेला उंचवटा खडूनं खुणावायचा.

ओरखडे मात्र घरी काढता येतात. स्टीलच्या पृष्ठभागावर कारखान्यानं एकाच दिशेनं घासून बारीक रेघा पाडलेल्या आहेत. त्या रेघांची दिशा आधी नीट बघा. पत्र्याच्या कडांना मास्किंग टेप लावा, पॉलिश पेपर किंवा स्कॉचब्राइट लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा आणि त्याच दिशेनं, पत्र्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता एकसलग हात मारा. मधेच हात थांबला की तिथे डाग उठतो. गोल गोल घासलंत तर उन्हात ती जागा आरशासारखी वेगळी चमकेल आणि मग अख्खा पत्रा पुन्हा घासावा लागेल. साध्या लोखंडाची तारेची घासणी किंवा स्टीलवूल कधीच वापरू नका. त्यातले लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि महिन्याभरात स्टेनलेसवर तांबूस ठिपके येतात.

पुढचा आणि मागचा बंपर प्लॅस्टिकचा आहे आणि तो रंगवलेला असतो. रंग स्टीलशी जुळवणं अवघड. ढगाळ दिवशी जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो, म्हणून नमुना दोन्ही प्रकाशांत बघूनच होकार द्या.

वर उघडणारी दारं

दार उचलण्याचं मुख्य काम छतातली पिळलेली पोलादी कांब करते. गॅसचे दांडे फक्त मदत करतात. दार अर्ध्यात अडत असेल तर आधी दांडे बदला, नव्वद टक्के वेळा तेवढ्यानं भागतं. थंडीत दांड्यांचा दाब कमी होतो, त्यामुळे जानेवारीत बघून निष्कर्ष काढू नका. कांबेला मात्र हात लावायचा नाही. तिच्यात साठलेला पीळ सुटला तर मनगट मोडतं. ते अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

कुठल्या क्षणाची गाडी?

आता कालयंत्र. इथे बहुतेक प्रतिकृती फसतात. तीन चित्रपटांत मिळून ही गाडी अनेक रूपांत दिसते. १९८५च्या पहिल्या चित्रपटात पाठीवर प्लुटोनियमचा रिअ‍ॅक्टर आहे. त्याच्या शेवटी आणि दुसऱ्या भागात त्या जागी मिस्टर फ्युजन, म्हणजे कचऱ्यावर चालणारा रिअ‍ॅक्टर, येतो. तो क्रुप्सच्या कॉफी दळायच्या यंत्रापासून बनवलेला आहे. दुसऱ्या भागात नंबरप्लेटच्या जागी बारकोड येतो. तिसऱ्यात बॉनेटवर जुन्या व्हॅक्यूम ट्यूब भरलेला खोका, पांढऱ्या कडांचे टायर, आणि नंतर चक्क रेल्वेची चाकं.

माझ्या गाडीवर आधीच्या मालकानं रिअ‍ॅक्टरही ठेवला होता आणि बारकोडची पाटीही लावली होती. चाहत्याला हे लगेच खटकतं. म्हणून एकच रूप निवडा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा. मी पहिल्या चित्रपटातली, पार्किंगमधल्या रात्रीची गाडी निवडली: घड्याळात जायची तारीख ५ नोव्हेंबर १९५५, आजची २६ ऑक्टोबर १९८५.

फोटो कुठून बघायचे? चित्रपट थांबवून थांबवून बघण्यापेक्षा मूळ गाडी बघा. चित्रीकरणात वापरलेली मुख्य गाडी अनेक वर्षं स्टुडिओच्या उघड्या आवारात उभी होती. लोकांनी आठवण म्हणून तिचे तुकडे काढून नेले. चाहत्यांच्याच एका गटानं ती स्टुडिओबरोबर नव्यानं उभी केली, आणि आता ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे. मी तिच्यासमोर दोन तास उभा होतो. वायरीचा रंग, पट्टीवरची अक्षरं, कुठला नट षटकोनी आहे आणि कुठला गोल, हे सगळं वहीत उतरवून आणलं. या गाडीचं सौंदर्य असं आहे की ती कुण्या हुशार माणसानं घरात बसून, हाताशी मिळेल ते जोडून बनवल्यासारखी दिसते. म्हणून तुमचे भाग फार सफाईदार दिसायला नकोत. विमानाचे जुने कनेक्टर, भंगारातले हीट सिंक, लेबल पाडायच्या यंत्राच्या पट्ट्या. थ्री-डी प्रिंटरवर काढलेला भाग असेल तर त्याच्या रेघा घासून, धातूचा रंग देऊन, कोपरे थोडे झिजवा.

वेगाच्या काट्याची एक गंमत आहे. चित्रपटात ताशी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर लागतात, पण खऱ्या डीएमसी-१२चा मीटर ८५ मैलांवरच संपतो. तेव्हाच्या अमेरिकन नियमामुळे. चित्रपटासाठी वेगळा मीटर बनवला होता. त्यामुळे प्रदर्शनात हमखास हा प्रश्न येतो. उत्तर तयार ठेवा.

दिव्यांची वायरिंग गाडीच्या वायरिंगपासून तोडा

मला मिळालेल्या गाडीत सगळे दिवे सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून घेतले होते आणि जोड नुसते पिळून वर चिकटपट्टी मारलेली होती. दोन ठिकाणी आवरण वितळलं होतं. मी शेवटच्या इंचापर्यंत सगळं काढून टाकलं.

दिव्यांसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी ठेवा, आणि गाडीच्या बॅटरीशी तिचा काही संबंध ठेवू नका. सगळे दिवे लावून क्लॅम्प मीटरनं करंट मोजा. समजा ८ अँपिअर आला आणि प्रदर्शन आठ तासांचं आहे, तर ६४ अँपिअर-तास लागले. त्यावर तिसरा हिस्सा वाढवून बॅटरी घ्या. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूज. पुढे प्रत्येक गटाला वेगळा फ्यूज: घड्याळं, फ्लक्स कपॅसिटर (चित्रपटात कालप्रवास घडवणारा भाग), बाहेरचे निळे पट्टे, मागचे धुराडे. ड्रायव्हरच्या हाताशी एक मोठा लाल स्विच, सगळं एका झटक्यात बंद करणारा. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना क्रमांक घाला आणि नकाशा कागदावर काढून दाराच्या खिशात ठेवा. रात्री नऊ वाजता पार्किंगमध्ये काही बंद पडतं, तेव्हा तो कागद तुम्हाला वाचवतो.

घड्याळांचे रंग चुकवू नका: जायची तारीख लाल, आजची हिरवी, मागच्या वेळी जिथून निघालो ती पिवळसर. आकडे बदलता येतील असाच कंट्रोलर बसवा. त्याचं कारण पुढे येतंच.

धुरासाठी साधं फॉग मशीन वापरा. ड्राय आइस गाडीच्या आत ठेवू नका. त्याचा कार्बन डायऑक्साइड बंद जागेत साठतो आणि आत बसलेल्या मुलाला कळायच्या आत गुदमरायला होतं.

रस्त्यावर नेताना

रस्त्यावर निळे दिवे बंद. मागची काच सामानानं झाकली जाते, म्हणून दोन्ही बाजूंचे आरसे नीट हवेत. चित्रपटातली ‘आउटाटाइम’ (OUTATIME) ही नंबरप्लेट फक्त उभ्या गाडीवर. तिच्यावर आठ अक्षरं आहेत आणि कॅलिफोर्नियाच्या पाटीवर सातच मावतात, त्यामुळे ती मुळातच खरी असू शकत नाही. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे गाडीची किंमत आधीच दोघांनी मान्य केलेली. बांधकामाचे फोटो आणि पावत्या लावा, नाहीतर कंपनी साध्या जुन्या गाडीचे पैसे देईल. पैसे घेऊन गाडी दाखवणार असाल तर तसं विमा कंपनीला सांगा, आणि चित्रपटाचं नाव किंवा चिन्ह जाहिरातीत वापरायच्या आधी परवानगीचं बघा.

लांब जायचं तर ट्रेलर. पट्टे चाकांना बांधा, चौकटीला नाही. रिअ‍ॅक्टर काढून आत ठेवा.

मांडणी

दार उघडायला बाजूला फारशी जागा लागत नाही, फूटभर पुरते. पण डोक्यावर बघा. तंबूच्या कापडाला दार लागतं. गाडी सूर्याकडे तोंड करून लावू नका, घड्याळाचे आकडे दिसत नाहीत. दोन्ही दारांशी एकेक माणूस हवाच. एक लहान मुलांची बोटं सांभाळायला, दुसरा मोठ्यांची डोकी. उतरताना जवळजवळ प्रत्येक जण दारावर डोकं आपटतो. आम्ही कडेला मऊ फोम लावतो आणि तोंडानंही सांगतो.

मऊ कापडं भरपूर न्या. काच पुसायचं द्रावण आणि कापड, बस. दर अर्ध्या तासानं बोटांचे ठसे पुसायचे. काही मालक दोरी लावून कुणालाच हात लावू देत नाहीत. त्यांचं मला पटत नाही. संग्रहालयातल्या गाडीला हात लावता येत नाही, ते योग्यच आहे. पण प्रतिकृती असतेच ती बसून बघण्यासाठी. आत बसलेल्या मुलाला नुसतं बघायला सांगू नका, कळ दाबू द्या. देणगीची पेटी ठेवायची असेल तर पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी चित्रपटाचे नायक मायकल जे. फॉक्स यांची २००० साली सुरू झालेली संस्था आहे. या गाडीचे कित्येक मालक तिच्यासाठी पैसे जमवतात. आम्हीही.

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात गाडी नेली होती. सभागृहाबाहेर पोरांची रांग, प्रत्येकाला आपली जन्मतारीख घालून फोटो हवा. रांगेत एक आजोबा शांतपणे उभे होते, धोतर-कोटात. त्यांचा नंबर आला तेव्हा मी विचारलं, “काका, कुठली तारीख घालू?” म्हणाले, “एक मे साठ घाल. गिरगावात होतो मी, दहा वर्षांचा.” आकडे लाल उजळले. त्यांनी फोटो काढू दिला नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बराच वेळ नुसते बघत बसले. मागची पोरंही काही बोलली नाहीत. घड्याळाचे आकडे बदलता येतील असाच कंट्रोलर बसवा म्हटलं, ते यासाठी.

हिवाळ्यात

इथे नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर मीठ पडायला लागतं. पहिलं मीठ पडायच्या आत गाडी आत घ्या. खालून पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन पूर्ण वाळू द्या. टाकी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते नळ्यांत पोहोचेल. दोन्ही बॅटऱ्या काढून घरात आणा. दारं बंद ठेवा, उघडी नको. एक्झॉस्टच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, उंदीर शिरतात, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा: ‘बोळा काढ’.